खिशातली तीन पेने

गेल्या मार्च महिन्यात आमच्या जयंती मंडळाची बैठक विहारात भरली होती. वर्गणीच्या पावत्या लिहिण्याचे काम दरवर्षीप्रमाणे आमच्याकडे आले. आम्ही खिशातून पेन काढले, टोपण फिरवून उघडले आणि पावती लिहू लागलो. तेवढ्यात एका तरुण कार्यकर्त्याचे लक्ष आमच्या खिशाकडे गेले. एक पेन हातात आणि आणखी दोन खिशात! तो म्हणाला, "काका, तीन तीन पेनं? तुमचं एका पेनानं भागत नाही का? आणि तीही शाईची! साध्या बॉलपेननं पावती फाटत नाही का?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण प्रश्न खोटा नव्हता. आम्ही कारकून माणूस. पगार बेताचा, घरात शिकणारी दोन मुले, आणि चळवळीत असल्यामुळे दारात कोणी ना कोणी अडचण घेऊन आलेला. अशा माणसाने नव्या नव्या पेनांचा आणि शायांचा नाद लावून घ्यावा, हे शोभते काय? त्या पोराला आम्ही बैठकीत उत्तर दिले नाही. ते आज येथे देत आहोत.

बाहेरगावी पाटोदा म्हटले की लोकांना छत्रपती संभाजीनगरजवळचे, आदर्श गाव म्हणून गाजलेले पाटोदा आठवते. आमचे पाटोदा ते नव्हे. आमचे पाटोदा बीड जिल्ह्यातले, बालाघाटच्या डोंगरावरचे तालुक्याचे गाव. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात उगम पावते, पण तिचे पाणी पुढच्या लोकांना. आमच्याकडे कुसळाचे माळ, हलकी जमीन आणि दर दोन-चार वर्षांनी दुष्काळ. म्हणून दसरा-दिवाळी झाली की इथली माणसे ऊसतोडीला जातात.

आमचे आई-वडीलही जात. कालकथित वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. आई आणि दादा मिळून एक कोयता. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल द्यायची ती कोयत्यावर. मुकादमाची गाडी वस्तीत आली की सातारा, सांगली, कोल्हापूरकडे सहा महिने मुक्काम. आम्ही आज्जीपाशी राहत असू. उचल घेताना मुकादमाच्या वहीत अंगठा द्यावा लागे. दादा शाईच्या पॅडवर अंगठा टेकवीत, वहीवर उठवीत आणि अंगठ्याला राहिलेली शाई डोक्याच्या केसांना पुसून टाकीत. आमच्या घरात शाई येत होती ती एवढीच. ती अंगठ्याला लागायची आणि तिच्या बदल्यात घरातली माणसे सहा महिने निघून जायची.

१९९० सालच्या जूनमध्ये आम्ही पाचवीत गेलो. ते बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले होते आणि वस्तीत मोठा उत्साह होता. चौथीपर्यंत पाटी आणि शिसपेन्सिल. पाचवीपासून शाईचे पेन, असा आमच्या शाळेचा नियम. दादांनी कारखान्यावरून परत येताना तिकडच्या बाजारात आमच्यासाठी पेन घेतले होते. हिरवी दांडी आणि स्टीलचे टोपण. टोपण इतके चकचकीत की त्यात आपले तोंड दिसे. आज्जीने ते ओळीने सगळ्या घरांत नेऊन दाखवले.

त्या काळी दुकानात पेनात शाई भरून मिळत असे. दुकानदार ड्रॉपरने मोजून शाई सोडी. घरी शाई करायची तर पुडी किंवा वडी आणून पाण्यात विरघळवायची. पेन चालेनासे झाले की झटकायचे, मग पुढच्या बाकावरच्या मुलाच्या सदऱ्यावर ठिपके. वहीवर डाग पडला की त्यावर खडू फिरवायचा. खडू शाई ओढून घेई. बोटे निळी, खिसा निळा, कधी ओठही निळे. ज्या वाचकांनी हे दिवस पाहिले आहेत त्यांना हसू येईल.

शाळा सुरू होऊन आठ दिवस झाले असतील. वर्गातल्या एका मुलाचे पेन हरवले. गुरुजींनी झडती घेतली. आमच्या दप्तरात स्टीलच्या टोपणाचे पेन निघाले. हरवलेले पेन निळे होते, आमचे हिरवे. तरीही गुरुजींनी विचारले, "एवढं भारी पेन तुझ्याकडं आलं कुठून?" आम्ही सांगितले. ते खरे वाटले नाही. पेन टेबलावर राहिले आणि आम्हाला वडिलांना घेऊन यायला सांगितले.

दादा आले. दारातच उभे राहिले. "पेन म्याच घेतलंय, गुरुजी," ते म्हणाले. पावती विचारली गेली. बाजारात पथारीवरून घेतलेल्या पेनाची पावती कुठली? मग गुरुजींनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या, की सदर पेन माझ्या मालकीचे असून ते मी माझ्या मुलास दिले आहे. खाली दादांनी अंगठा द्यायचा होता. शाळेचा पॅड वाळून गेला होता. गुरुजींनी आमचे ते नवे पेन उघडले, दादांच्या अंगठ्यावर दोन थेंब टाकले आणि कागद पुढे केला.

दादांनी अंगठा दिला. शाई केसांना पुसली. पेन आम्हाला परत मिळाले. दुसऱ्या मुलाचे पेन दोन दिवसांनी त्याच्याच घरी सापडले, असे ऐकले. आम्हाला कोणी काही म्हणाले नाही. शाळेचे आणि गुरुजींचे नाव येथे देत नाही. तो राग आता राहिलेला नाही. पण त्या संध्याकाळी आम्ही पेनाला हात लावेना, तेव्हा दादा जे म्हणाले ते मात्र राहिले आहे. ते म्हणाले, "लिही. लिव्हायलाच आनलंय ते."

आम्ही लिहिले. त्या पेनाने आम्ही सातवी पास झालो. पुढे नव्वदच्या दशकात गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले, तेव्हा आम्ही दादांना त्याच पेनाने सही शिकवली. कोयता धरून कडक झालेल्या बोटांत पेन ठरत नसे. पावसाळाभर रोज रात्री कंदिलापुढे बसून त्यांनी आपले नाव गिरवले. त्या वर्षी मुकादमाने वही पुढे केली तेव्हा दादांनी पॅड बाजूला सारला आणि आधी आम्हाला बोलावले. म्हणाले, "वाच काय लिव्हलंय त्ये. अंगठ्याला काय, कुठंबी टेकतो. सही करायची म्हनल्यावर इचारावं लागतंय." मुकादमाला ते आवडले नाही. पण त्याला वाचू द्यावे लागले.

पुढे आम्ही बी.कॉम. झालो, कारकुनीला लागलो. तोवर बॉलपेनांचे राज्य आले होते. मग संगणक आला आणि हाताने लिहिणे सहीपुरते उरले. शाईचे पेन आम्ही विसरूनच गेलो होतो. २०२० सालच्या टाळेबंदीत घरातली लोखंडी पेटी आवरताना मुलीला दादांनी दिलेले ते हिरवे पेन सापडले. आतली शाई वाळून दगड झाली होती. तीन दिवस पाण्यात भिजवले, रोज पाणी बदलले. पाणी आधी निळे, मग आकाशी, मग स्वच्छ झाले. चौथ्या दिवशी शाई भरली आणि टेकवले. दोन रेघा कोरड्या उठल्या. तिसरी ओली आली! मुलीने टाळ्या वाजवल्या. आम्ही मात्र उठून बाहेर गेलो, कारण डोळे भरून आले होते.

आमचा नाद तेथून सुरू झाला.

आता या नादात आहे तरी काय, ते थोडे सांगतो. शाईचे पेन चालते ते दाबून नव्हे, तर केशाकर्षणाने. दिव्याच्या वातीत तेल चढते ना, तसे. निबेला मधोमध एक बारीक चीर असते, खाली खाचा पाडलेला तुकडा असतो. खाचांतून हवा आत जाते आणि तेवढीच शाई चिरेतून खाली उतरते. निबेच्या टोकाला कठीण धातूचा बारीक मणी बसवलेला असतो, म्हणून ती वर्षानुवर्षे झिजत नाही. अमेरिकेतल्या वॉटरमन नावाच्या गृहस्थाने १८८४ साली अशा पेनाचे पेटंट घेतले. बॉलपेनची तऱ्हा वेगळी. बिरो यांनी १९३८ साली त्याचे पेटंट घेतले. त्यात घट्ट, तेलकट शाई असते आणि टोकाची गोळी फिरण्यासाठी कागदावर दाब द्यावा लागतो. चार पाने लिहिली की बोटे दुखतात ती यामुळे. शाईच्या पेनाला दाब लागतच नाही. पेनाचे वजन पुरते.

नवे पेन घरी आले की आम्ही काय करतो, तेही सांगून टाकतो. हसायचे असेल त्याने हसावे. आधी साध्या पाण्याने धुतो, कारण कारखान्यातला तेलाचा अंश निबेवर असतो. रात्रभर फडक्यावर वाळवतो. सकाळी चहा झाल्यावर दौत उघडतो. नव्या शाईला एक वास असतो, तो घेतो. शाई भरली की जुन्या वहीचे कोरे पान काढतो आणि पहिल्यांदा एकच गोष्ट लिहितो. दादा जशी सही करीत तशी, मोठ्या वाकड्या अक्षरांत, दादांची सही. मग त्या पेनाला बाकीचे काय लिहायचे ते लिहू देतो. निब जाड की बारीक, कागदावर सरकते की कुरकुरते, शाई ओली असताना गडद आणि वाळल्यावर फिकी होते की आणखी खुलते, हे पाहण्यात तासभर कसा जातो ते कळत नाही. आणि हो, तेवढ्या तासात मोबाईलला हात लागत नाही.

शायांचे तर वेगळेच. 'कॅमल'ची निळी शाई आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईच्या पुडी-वडीपासून तो धंदा सुरू केला. २०११ नंतर त्यात जपानच्या कोकुयो कंपनीचा मोठा हिस्सा झाला. कोलकात्याची 'सुलेखा' शाई १९३४ साली स्वदेशी चळवळीतून निघाली. मध्ये कारखाना बंद पडला होता, पण तो पुन्हा उभा राहिला आणि आता नव्या रंगांच्या शाया काढतो. आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम् यांची हाताने घडवलेली पेने १९३० च्या दशकापासून नाव मिळवून आहेत. तिकडे आणि तामिळनाडूत आजही कारागीर लेथवर एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, पेने कातून काढतात. कुठल्या तरी कामगाराच्या हाताने घडलेली वस्तू पोस्टाने पाटोद्याला येते आणि आपल्या हातात बसते, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते.

आमच्याकडे निळी आहे, निळी-काळी आहे, जांभळी आहे आणि हिरवीसुद्धा आहे. हिरव्या शाईचा एक गंमतीचा भाग सांगतो. सरकारी कचेऱ्यांत हिरवी शाई मोठ्या साहेबांची, असा रिवाज. कारकुनाने हिरव्या शाईने लिहायचे नसते. कचेरीत आम्ही तो पाळतो. पण घरी आल्यावर किराणा मालाची यादी आम्ही हिरव्या शाईने लिहितो.

खर्चाचे काय? हा प्रश्न आमच्या घरच्या आयुष्यमतींनी त्या तरुणाच्या आधीच विचारला होता. आम्ही दुसरे पेन मागवले तेव्हा त्यांनी एक नियम घालून दिला. जेवढ्याचे पेन, तेवढ्याच्या वह्या वस्तीतल्या पोरांना. त्यामुळे पेनाची किंमत आम्हाला दुप्पट पडते आणि वर्षाकाठी दोनच्या वर पेने येत नाहीत. नियम कडक आहे, पण चांगला आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि १४ एप्रिलला गावोगावी 'एक वही एक पेन' हे अभियान चालते, हार-मेणबत्तीऐवजी वही आणि पेन आणा म्हणून. आमच्या घरातले अभियान बारा महिने चालू आहे, एवढेच.

तरीही त्या तरुणाच्या प्रश्नाचा खरा काटा किमतीत नव्हता. चळवळीच्या माणसाने एखादी गोष्ट निव्वळ आवड म्हणून करावी का, हा तो काटा होता. आम्ही पुष्कळ विचार केला. गावोगावचे बाबासाहेबांचे पुतळे पाहा. अंगात निळा कोट, हातात संविधान आणि खिशाला पेन. शिल्पकार कोणीही असो, खिशाचे पेन सहसा चुकत नाही. बाबासाहेबांना चांगल्या फाउंटन पेनांची आवड होती, हे त्यांच्या सहवासातल्या माणसांनी सांगून ठेवले आहे. त्यांना पुस्तकांची आवड होती, व्हायोलिन शिकण्याची हौस होती. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाले तेव्हा अंकाचे रकानेच्या रकाने ते एकटे लिहून काढीत. मदतीला माणूस नाही, गाठीला पैसा नाही. ज्याला एवढे लिहायचे आहे त्याने हातातले पेन चांगले असावे म्हटले, तर त्यात चैन कसली?

आणखी मागे जा. १८८८ साली महात्मा फुले यांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक लिहून पुरे केले. ते १८९१ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. आपल्या संविधानाची मूळ इंग्रजी प्रतसुद्धा छापील नाही. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी ती दौतीत निब बुडवून स्वतःच्या हाताने लिहिली. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली. २४ जानेवारी १९५० रोजी सभासदांनी त्यावर सह्या केल्या. रायजादांचे अक्षर पाहिले की कळते, हे नुसते नेमून दिलेले काम नव्हते. अक्षरावर प्रेम असल्याशिवाय असे लिहून होत नाही.

आपल्या माणसांना आजवर गरजेपुरते मिळाले. गरजेपुरते अन्न, गरजेपुरता कपडा, गरजेपुरती सही. आवडीची गोष्ट म्हटली की आपल्यालाच अपराध्यासारखे वाटते. पाचवीतल्या पोराकडे चकचकीत टोपणाचे पेन होते, त्याची आवड कोणाला कळली नाही, चोरी तेवढी सुचली. तो प्रश्न, "एवढं भारी पेन तुझ्याकडं कुठून?" आता आपणच एकमेकांना विचारू नये, असे आम्हाला वाटते.

पण येथे आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. नाही तर हा लेख म्हणजे आपलीच पाठ थोपटणे होईल.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही वस्तीतल्या बचत गटाच्या भगिनींना सही शिकवतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात साठीच्या पुढच्या एक मावशी वर्गाला येऊ लागल्या. आयुष्यभर ऊस तोडलेला. बॉलपेन त्या कोयत्यासारखे मुठीत धरीत. कागद फाटे, अक्षर उमटत नसे. आम्हाला वाटले, यांना शाईचे पेन द्यावे, दाबावे लागणार नाही. आठ दिवसांपूर्वीच दक्षिणेतून एक जाड एबोनाइटचे पेन आले होते. आजवर घेतलेल्यांत सर्वांत महाग. मोठ्या उत्साहाने ते त्यांच्या हातात दिले. मावशींनी निब उलटी धरली आणि सवयीने जोर लावला. निबेची दोन पाती फाकली, शाई भळकन वहीवर सांडली.

आम्ही तोंडाने म्हणालो, "असू द्या मावशी, काही होत नाही." पण आमचा चेहरा पडला होता आणि तो त्यांनी पाहिला. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या लेकरा. ह्या हाताला कोयताच बरा." पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही.

निब आम्ही नखाने दाबून दाबून बरीचशी सरळ केली. ती तशी सरळ होते. नाहीच झाली तर साधी निब थोडक्या पैशांत बदलून मिळते. म्हणजे नुकसान काडीचे नव्हते. मग मावशी का येत नव्हत्या? त्या रात्री आम्हाला शाळेच्या दारात उभे असलेले दादा आठवले. त्या दिवशी गुरुजींच्या चेहऱ्यावर जे होते, तसेच काहीसे मावशींनी आमच्या चेहऱ्यावर पाहिले असेल का? भारी वस्तू आणि तिला न शोभणारा हात, असे? या विचाराने झोप आली नाही.

तिसऱ्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "मावशी, चूक माझी झाली. पेन धरायचं कसं ते मी आधी दाखवलंच नाही." दादांची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. अंगठ्यावर टाकलेल्या दोन थेंबांपर्यंत. त्या गप्प बसून राहिल्या. मग पदराला हात पुसून म्हणाल्या, "आना इकडं." या वेळी आम्ही त्यांची बोटे धरून दाखवले. निबेची पाठ आभाळाकडे, हात सैल, पेन आपले आपण चालू द्यायचे. पहिले अक्षर उमटले तेव्हा त्या म्हणाल्या, "आगं बया, ह्याला तर जोरच लागत न्हाई!"

डिसेंबरात बचत गटाच्या कामासाठी त्या बँकेत गेल्या. खिडकीतल्या माणसाने सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला. मावशींनी तो परत सरकवला आणि पिशवीतून पेन काढले. ते एबोनाइटचे पेन आता मावशींकडेच आहे. देताना जीव थोडा कचरला, खोटे कशाला बोलावे? पण त्या पेनाचे जे व्हायचे होते ते झाले. आमच्याकडे राहते तर किराणा मालाची यादी लिहीत बसले असते.

आता ज्यांना हौस वाटली असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पहिले पेन साधे, शाळकरी मुलांचे घ्यावे, उत्तम चालते. पेनात फक्त पेनाचीच शाई घालावी. चित्रकलेची काळी शाई घातली तर ती आत घट्ट बसते आणि पेन कायमचे बंद होते. महिन्यातून एकदा पेन धुवावे. आपल्याकडे बोअरचे पाणी जड, त्याचे क्षार निबेत बसतात. शेवटचे धुणे पावसाच्या पाण्याने करावे. उन्हाळ्यात शाई लवकर वाळते, टोपण उघडे ठेवू नये. पातळ कागदावर शाई फुटते, तेव्हा थोडी जाड वही बघावी. आणि महत्त्वाचे: नेहमीची निळी शाई पाण्याने धुऊन जाते. अर्ज, करारपत्र, बँकेचा कागद यावर सही करताना कायम टिकणारी शाई वापरावी. आणि सही करण्याआधी कागद पुरता वाचावा.

राहिले त्या तरुणाचे उत्तर. बाळा, खिशातल्या तीन पेनांपैकी एकात निळी-काळी कायम टिकणारी शाई आहे. वर्गणीच्या पावत्या तिने लिहितो, म्हणजे हिशेब पावसात भिजला तरी पुसणार नाही. दुसरे पेन आमच्या आवडीचे. सध्या त्यात जांभळी शाई आहे. तिसरे हिरव्या दांडीचे आणि स्टीलच्या टोपणाचे. ते आता थोडे गळते, म्हणून त्याने फारसे लिहीत नाही. तरी ते खिशाला असते.

तुझ्या घरी आजोबांचे, वडिलांचे जुने पेन पेटीत पडले असेल तर घेऊन ये. आम्ही ते धुऊन, चालू करून देऊ. पैसे घेणार नाही. फक्त एक अट: चालू झाल्यावर पहिली सही त्यांच्या नावाची करायची.

जय भीम.